वाटेवरची साखळी

प्रश्न : आम्ही दर वर्षी चोर्ला घाटातून पणजीला जातो. साखळीचा पूल ओलांडतो, पण गाडी थांबवत नाही. या खेपेला आई बरोबर आहे आणि तिला विठ्ठलापूरचे दर्शन हवे आहे. देवळाखेरीज तिथे पाहण्यासारखे काय आहे? नदीत होड्या सोडतात, तो उत्सव कधी असतो?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : आईंना जरूर घेऊन या, आणि अर्धा दिवस हातात ठेवून या. मी साखळीचीच. आमच्या गावावरून इतक्या गाड्या न थांबता निघून जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आधी विठ्ठलापूर. वाळवंटी नदीच्या काठावरचे हे देऊळ गोव्याची पंढरी म्हणून ओळखले जाते, आणि आषाढी एकादशीला इथे भजनी मंडळ्यांची रीघ लागते. विठ्ठल हे सत्तरीचे देसाई असलेल्या राणे घराण्याचे आराध्य दैवत. तिसवाडी, बार्देश, साष्टी हे तालुके पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतले आणि तिथली देवळे पाडली. कितीतरी देव रातोरात नदीपलीकडे न्यावे लागले. डिचोली, सत्तरीचा हा मुलूख मात्र त्यांच्या हाती अठराव्या शतकात गेला. तोवर धर्मांतराची ती लाट ओसरली होती, म्हणून आमचे देव आपापल्या जागी राहिले. आईंना देवळात हे आवर्जून सांगा.

राण्यांनी ती सत्ताही मुकाट्याने सोसली नाही. १८५२ मध्ये दीपाजी राण्यांनी सत्तरीत बंड उभारले आणि नाणूसचा किल्ला घेतला. पोर्तुगीजांना ते मिटवायला तीन वर्षे लागली. १८९५ मध्ये पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी आफ्रिकेत लढायला जाण्यास नकार दिला, तेव्हा दादा राणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि लिस्बनहून थेट राजाच्या भावाला फौज घेऊन यावे लागले. शाळेत आम्हाला हा इतिहास दोन ओळींत शिकवला, तो दोन धड्यांचा आहे.

होड्यांचा उत्सव असतो त्रिपुरारी पौर्णिमेला, म्हणजे कार्तिकात. त्या रात्री विठ्ठलापूरच्या घाटावर त्रिपुरासुरवधाचा प्रसंग होतो आणि पोरांनी बनवलेल्या होड्या दिवे लावून वाळवंटीत सोडतात. स्पर्धा असते, त्यामुळे आठवडाभर आधीपासून घरोघरी कापाकापी आणि चिकटवाचिकटवी चालू. केळीच्या सोपाची (खोडाच्या सालीची) किंवा पोफळीच्या विरीची (झावळीच्या देठाच्या रुंद आवरणाची) होडी दिसली की मला विशेष आनंद होतो. थर्माकोल कितीही देखणा असला तरी तो नदीचा नव्हे. गर्दी भरपूर होते, तेव्हा आईंसाठी संध्याकाळीच काठावर जागा धरा. चैत्रात जमले तर चैत्री उत्सवातला वीरभद्र पाहा. ढोल-ताशांच्या गजरात तलवारी घेऊन नाचणारा वीरभद्र तुमच्याकडच्या मंडळींनी एकदा तरी पाहायलाच हवा.

दोनेक किलोमीटरवर हरवळे आहे. लोक तिथे धबधब्यापुढे फोटो काढतात आणि परततात. तसे करू नका. धबधब्यासमोरच रुद्रेश्वराचे देऊळ आहे, गोव्यातून कुठूनकुठून लोक तिथे पितरांचे विधी करायला येतात, त्यामुळे आवाज जरा बेताचा ठेवावा. जवळच जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा आहेत. लोक त्यांना पांडवांच्या गुंफा म्हणतात. आत शिवलिंगे आहेत. मुळात त्या बौद्ध भिक्षूंच्या असाव्यात, असेही काही अभ्यासक मानतात. जांभा ठिसूळ, तरी हे काम दीड हजार वर्षांच्या आसपास टिकून आहे. भिंतींवरून एकदा हात फिरवून पाहा.

बाजारातले दत्तमंदिरही वाटेवर करता येईल. शक्य असेल तर सोमवारी या, तो आमचा बाजाराचा दिवस. सत्तरीतल्या बायका गावठी भाजी घेऊन बसतात. पावसाळ्यात फागलां (कर्टुली) आणि तायकिळो (टाकळा), एरवी अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) आणि सोलां (आमसुले). शहरातल्या दुकानातून घेण्यापेक्षा सोलां इथूनच घ्या.

पाऊस जोराचा असेल तेव्हा हरवळेच्या पायऱ्या निसरड्या होतात, आईंना वरूनच धबधबा दाखवा. बेळगावला परतायचे असेल तर चारच्या आत साखळी सोडा, कारण चोर्ल्यात संध्याकाळी धुके दाटले की पुढची गाडी दिसत नाही.