मुंबईच्या किनाऱ्यावरच्या गोराईला कॅथलिक रिट्रीट सेंटर (काही दिवस राहून प्रार्थना-ध्यान करायची जागा) बांधायचंय, आराखड्यात आधी काय बघावं?
चॅपेलच्या आधी शांततेचा हिशेब मांडा. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आखलेली पूर्ण साधना साधारण 30 दिवस मौनात चालते. अशा वेळी शेजारच्या खोलीतली खुर्ची सरकली तरी कानात घुसते. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खोली. कॉट, टेबल, क्रूस, बस्स. खिडकीबाहेर एसीचा डबा घरघरणार असेल तर मुसळ केरात.

क्रूसाच्या वाटेची 14 स्थानं (येशूच्या शेवटच्या वाटचालीतले प्रसंग, एकेका ठिकाणी थांबून प्रार्थनेसाठी) बागेत मांडायची हौस सगळ्यांनाच असते. पण पावसाळाभर तिथे शेवाळावरून घसरगुंडी! त्यापेक्षा छपराखालचा लांब व्हरांडा करा, मौनात फेऱ्या मारायलाही तोच. पवित्र साक्रामेंतासाठी (येशूचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर) छोटी खोली, रात्रीही उघडी. स्वयंपाकघर मात्र लांब. बोंबलाच्या वासात ध्यान लागणं कठीण. आणि जागा घेण्याआधी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, तपासा.