पुरावा देऊ नकोस

शालोम पोरी,

लाळ पाठवून मागवलेला तुझा तो डीएनए अहवाल पाहिला आणि त्याखालचा प्रश्नही, 'मावशी, मग आपण नक्की कोण?' बहुतेक अंश दक्षिण आशियाचा निघाला, आता तो इस्राएलमधल्या होणाऱ्या सासरी दाखवायचा का, म्हणतेस. नाही दाखवायचा. लाज वाटते म्हणून नव्हे. ज्यू असण्याचा पुरावा रक्तातून काढून द्यायचा नाही, म्हणून.

शास्त्राशी माझं भांडण नाही. २०१६ साली आपल्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यात ज्यूंचा अंशही ठळक दिसला आणि इथल्या लोकांचाही. ही सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांमागची, आणि मुख्यतः ज्यू पुरुष व इथल्या बायका यांच्यातली. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही आपली कथा त्याने सिद्धही होत नाही आणि पुरती पुसलीही जात नाही. पण तुझ्या पोटात गोळा आला तो 'इथल्या बायका' वाचून. हलाखा, म्हणजे ज्यूंचा धर्मकायदा, वंश आईकडून धरतो आणि आई तर कोकणातली! मग?

मग बायबलातली रूथ आठव. मवाबातली, परक्या कुळातली बाई. सासूच्या, नामीच्या देवाला आपला देव म्हणून तिच्यामागे आली आणि दावीद राजा तिचा पणतू झाला. रूथची लाळ तपासली असती तर काय निघालं असतं? रीतसर धर्मात आलेली बाई पूर्ण ज्यू, तिची लेकरं पूर्ण ज्यू. आपल्या त्या पहिल्या आया धर्मात कशा आल्या, हे कुठल्याही नळीत दिसणार नाही. पुढच्या पिढ्यांनी काय सांभाळलं ते मात्र दिसतं. शब्बाथला घाणा बंद, म्हणून गावाने शनवार तेली नाव ठेवलं. हिब्रू विसरली, ग्रंथ नव्हते, तरी ओठांवर शेमाची प्रार्थना राहिली, आठव्या दिवशीची सुंता राहिली, खवले नसलेला मासा चुलीवर चढला नाही. अजून काय हवं?

आणि हे आजचं नाही. १९६० नंतरच्या काही वर्षांत इस्राएलमधल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या आदेशाने बेने इस्राएल वधूवरांच्या आई-आजीपासून मागच्या पिढ्यांची चौकशी होऊ लागली. आपली माणसं जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली. १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, तिथल्या संसदेने, आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. ते लढून मिळालं, तपासणी करून नाही.

पुढे कोहेनांच्या, म्हणजे ज्यू पुरोहितांच्या घराण्यांतली जनुकीय खूण आपल्यातही सापडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले. मी घेतला नाही. आज होकार देणारी प्रयोगशाळा उद्या नकार देईल, तेव्हा काय करणार, असं भावाला विचारलं. तो म्हणाला, जगापुढे मान ताठ झाली तर तुला का दुखतंय? आमच्यात त्यानंतर पहिल्यासारखं बोलणं राहिलं नाही, आणि आता तो नाही. त्याची खंत मला रोज आहे. पण मी म्हटलं ते खरं होतं की नाही, तुझा अहवालच बघ.

आपणही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. आई बाहेरची म्हणून ज्यांना काळे इस्राएल म्हटलं, त्यांच्याशी आपल्यातल्याच गोरे म्हणवणाऱ्यांनी सोयरीक केली नाही, मशिदीत, म्हणजे आपल्या प्रार्थनालयातही त्यांना बरोबरीचा मान दिला नाही. आता शास्त्र सांगतं, मागे गेलं तर सगळ्यांचीच आई इथली. काही वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, इस्राएलच्या रब्बिनेटकडून, म्हणजे रब्बींच्या अधिकृत संस्थेकडून, सोव्हिएत देशांतून आलेल्यांना डीएनए चाचणी सुचवली जाते हे उघड झालं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. हे माप एकदा मान्य केलं की कुणीच सुटत नाही.

तेव्हा ऐक. आईवडिलांचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, मागतील तर दे, तो सगळ्यांकडून मागतात. तुझ्याकडूनच जास्त मागितलं, तर देऊ नकोस. त्या मुलालाही हेच सांग, आणि तो आपल्या आईपुढे काय बोलतो ते नीट ऐक. लग्न मोडेल, म्हणतेस. मोडणार ते तुझं, माझं नाही, आणि ठाण्यात खुर्चीत बसून ताठ राहा म्हणणं मला सोपं आहे, हे समजतं गं. तरीही देऊ नकोस.

तुझी मावशी