ट्रम्पेटचा 'हेल' सुधारता येईल का?

विचारणा अशी आहे: ट्रम्पेटमध्ये तांत्रिक फेरफार करून त्याचं 'इंटोनेशन' (प्रत्येक सूर नेमक्या उंचीवर लागणं) सुधारतात, त्याला मराठीत काय म्हणावं? विचारणाऱ्याला कोशात 'हेल' सापडला, शिवाय 'स्वरशुद्धी' आणि 'सूर मिळवणे' हेही मनात आहेत.

हेल पहिल्या फटक्यात बाद. तो बोलण्याचा असतो. मालवणी हेल, वऱ्हाडी हेल. 'स्वरशुद्धी' भारदस्त वाटतो खरा, पण आपल्या कानाला शुद्ध म्हणजे कोमल किंवा तीव्र नसलेला. कोमल गांधाराची 'शुद्धी' केली तर गांधारच बदलेल की!

'सूर मिळवणे' जवळ येतो, पण ते काम निराळं. त्यात अख्खं वाद्य एकदम चढवतात किंवा उतरवतात. ट्रम्पेटवर त्यासाठी मुख्य वळणाची नळी थोडी आतबाहेर केली की झालं. पेच त्यानंतरचा आहे. वाद्य पेटीशी जुळलं, तरी मधलाच एखादा सूर चढा लागतो.

ही खोड ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे दाबला की हवा जादा नळीतून फिरवणारे खटके, बसले त्यांच्याबरोबरच आलेली. व्हॉल्व्ह तीन. दुसरा दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका, तिसऱ्याने दीड. बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी साधारण १४८ सेंमी धरली, तर या उतरणीसाठी अनुक्रमे सुमारे ९, १८ आणि २८ सेंमी जादा नळी लागते. तिन्ही एकदम दाबले की होतात ५५. पण तीन स्वर नीट उतरायला हवेत ६१! नळी लांबली की पुढच्या प्रत्येक उतरणीला आणखी लांबी लागते, आणि व्हॉल्व्हजवळ तर ठरलेलीच नळी. सहा सेंमी कमी पडले, सूर चढला.

म्हणून तिसऱ्या व्हॉल्व्हच्या नळीला कडी बसवतात. डाव्या हाताची अनामिका कडीत घालून तेवढ्या सुरापुरती नळी पुढे ढकलायची आणि लगेच मागे घ्यायची. पहिल्या व्हॉल्व्हच्या नळीला अंगठ्यासाठी खोबण किंवा खटका करतात. कडीची नळी तेलावर लोण्यासारखी सरकली पाहिजे. जाम झाली तर कडी नुसती शोभेची. (लग्नाच्या बँडात एकदा अशी शोभेची कडी पाहिली आहे. ऐकलीही आहे.)

सतारवाल्यांकडे हा भेद आधीपासून आहे. तारा मिळवणं वेगळं, आणि पडदे सरकवून प्रत्येक सूर जागेवर आणणं वेगळं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत 'इंटोनेशन' न म्हणताही हे काम होतं.

तेव्हा मी 'सूर जागेवर आणणे' घेईन. दोष सांगायचा तर 'कणसूर', म्हणजे किंचित सुराबाहेर, आहेच. 'बेसूर' इथे फार जड होतो. वाक्य असं करता येईल: 'तिसऱ्या व्हॉल्व्हच्या नळीला कडी बसवून ट्रम्पेटचे खालचे कणसूर स्वर जागेवर आणले.'