जीएसटी सगळ्यांना सारखाच लागतो, मग तो गरिबांवर अन्याय कसा?

प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय त्याचा मथितार्थ असा: मूठभर नोकरदार आयकर भरतात आणि बाकीचे फुकटात राहतात. त्यापेक्षा आयकर काढून टाकावा, देशभर एकच विक्रीकर ठेवावा. जो जास्त खर्च करेल तो जास्त भरेल, यात अन्याय कुठे आला?

मी तालुक्याच्या गावी करसल्लागाराकडे काम करतो. किराणा, कापड, खत-औषधवाले यांची रिटर्नं भरणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे "बाकीचे फुकटात" इथेच मी अडतो. शेतमजूर बाई दुकानात येऊन चहाची पुडी, पावशेर तेल, साखर, अंगाचा साबण आणि कपड्याची पावडर घेऊन जाते. चहा, तेल, साखर यांवर ५ टक्के. अंगाच्या साबणावर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ होता, आता ५. कपड्याच्या पावडरीवर मात्र १८ होता आणि १८च राहिला. का, ते मला विचारू नका. अंग धुण्यापेक्षा कपडे धुणं चैनीचं असं दर ठरवणाऱ्या जीएसटी कौन्सिलला वाटलं असावं. तिच्या हातात पक्की पावती नसते, वहीवर उधारी मांडलेली असते. म्हणून तिला वाटत नाही की आपण कर भरतो, आणि तुम्हालाही वाटत नाही. दुकानदाराची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर त्याची नोंदणीही नसते. पण माल घेताना त्याने भरलेला कर त्याच भावात मुरलेला असतो. फोनचं रिचार्ज घ्या. २९९ रुपयांत ४५ रुपये ६१ पैसे कर आहे, आणि तो तिच्या फोनवर आणि माझ्या साहेबांच्या फोनवर अगदी सारखा आहे.

आता मूळ मुद्दा. "सारखा" म्हणजे कशाच्या तुलनेत सारखा? समजण्यापुरती दोन घरं धरू, आकडे माझे ढोबळ आहेत. एका घराची कमाई महिन्याला १६ हजार, सगळी खर्च होते. दुसऱ्या घरात दोघं नोकरीला, कमाई १ लाख ६० हजार, खर्च ८० हजार. पहिल्या घराच्या खर्चात धान्य, भाजी, दूध जास्त, म्हणून सरासरी कर ६ टक्के धरा. दुसऱ्या घरात हॉटेल, एसी, गाडी, म्हणून ९ टक्के धरा. पहिलं घर ९६० रुपये भरतं, दुसरं ७,२००. रुपयांत पाहिलं तर दुसरं घर साडेसात पट भरतं, आणि खर्चाच्या प्रमाणातही जास्तच भरतं. पण कमाईच्या मानाने पहिल्याचे ६ टक्के गेले आणि दुसऱ्याचे साडेचार. दर श्रीमंताला चढा ठेवूनसुद्धा हे असं होतं, कारण उरलेल्या ८० हजारांना जीएसटी शिवलाच नाही.

यावर अर्थशास्त्रवाले म्हणतात, शिल्लक पैसा आज ना उद्या खर्च होणारच, तेव्हा लागेल कर. काही अंशी खरं आहे. पण शिल्लक जाते कुठे ते बघा. जमिनीवर जीएसटी नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटवर नाही. शेअरवर नाही. सोन्यावर आहे, तो ३ टक्के. (सोन्यावर दर चढवला की तस्करी वाढते हे मान्य. पण म्हणून रिचार्जवर १८ आणि सोन्यावर ३, हे कागदावर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की कसंसंच होतं.)

खर्चातही सवलत कुणाला मिळते ते पाहण्यासारखं आहे. शाळेच्या फीवर जीएसटी नाही, मग ती जिल्हा परिषदेशेजारची खासगी शाळा असो की मुंबईतली लाखोंची फी घेणारी आंतरराष्ट्रीय शाळा. दुष्काळी भागातला पोरगा पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीचा क्लास लावतो, त्या नोंदणीकृत क्लासच्या फीवर मात्र १८ टक्के. बाप कोरडवाहू शेती करून हप्त्याहप्त्याने ती फी भरतो. रुग्णालयाच्या उपचारांवर कर नाही, खोलीचं भाडं दिवसाला ५ हजारांच्या वर गेलं तर खोलीवर तेवढा ५ टक्के. शिक्षण-आरोग्याला माफी असावी हे कुणीही म्हणेल, मीही म्हणतो. पण माफीचा रुपयांतला मोठा वाटा ज्याचा खर्च मोठा त्यालाच मिळतो, मग वस्तू कितीही "गरजेची" असो.

आता तुम्ही म्हणाल, अन्नधान्यावर तर शून्य आहे ना? पूर्वी सुट्या आणि ब्रँड नसलेल्या धान्यावर शून्य होता. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेलं धान्य, पीठ, दही, ताक हे सगळं ५ टक्क्यांत आलं. अट अशी की पिशवी २५ किलोंपर्यंतची असेल तरच कर. झालं, बाजारात २६ आणि ३० किलोंची तांदळाची पोती आली. त्यावर कर नाही. म्हणजे एकरकमी तीस किलो घेण्याइतके पैसे ज्याच्याकडे आहेत, तो सुटला. पाच किलोंचं पाकीट घेणारा अडकला. खात्याचा हेतू वेगळा होता. मोठ्या कंपन्या ब्रँडवरचा हक्क कागदोपत्री सोडून कर चुकवत होत्या, ती पळवाट बुजवायची होती. ती बुजली आणि शेजारी दुसरी पडली. सुटं धान्य अजून करमुक्त आहे, आणि रेशनवर १ जानेवारी २०२३ पासून माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं, हेही सांगायला हवं. नाहीतर चित्र आहे त्यापेक्षा काळं दिसेल.

पण खरी मेख पुढे आहे, आणि ती ऑफिसात बसल्याशिवाय सहसा कळत नाही. शून्य टक्के जीएसटी म्हणजे त्या वस्तूत कर नाही असं नव्हे. साबणाचा कारखाना कच्च्या मालावर, यंत्रावर, पॅकिंगवर जो कर भरतो, तो विक्रीच्या करातून वजा करून घेतो. याला आम्ही आयटीसी म्हणतो, इनपुट टॅक्स क्रेडिट. ज्याच्या विक्रीवर करच नाही, त्याला वजा करायला काही नाही. त्याने भरलेला कर त्याच्याच गळ्यात राहतो. शेतकरी यातला सगळ्यात मोठा. खतावर ५, रासायनिक कीटकनाशकावर १८, ठिबकवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ आणि आता ५. कांदा करमुक्त, म्हणून यातला एक रुपया परत नाही. बरं, तो भावात चढवावा म्हटलं तर लासलगावचा भाव काही शेतकऱ्याच्या खर्चावर ठरत नाही. आमच्याकडे औषध दुकानदारांची बिलं येतात. मावा-तुडतुड्यावरची एक फवारणी म्हणजे कर किती, हे शेतकऱ्याला बिलात दिसतं, पण परतावा त्याला नाही.

त्याच कांद्याचा टेम्पो वाशीला निघतो तेव्हा डिझेल लागतं. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, म्हणजे जुना विक्रीकर. त्याचं क्रेडिट कुणालाच मिळत नाही, म्हणून तो कर सरळ भाजीच्या भावात उतरतो. लालपरीच्या तिकिटावर जीएसटी नाही, पण लालपरी डिझेलवरच चालते. मला कुणी विचारलं की गरिबाला सगळ्यात जास्त चावणारा कर कोणता, तर मी जीएसटीआधी डिझेलचं नाव घेईन. हा कर दरात दिसत नाही, पावतीवर दिसत नाही, आणि राज्यं-केंद्र दोघंही तो सोडायला तयार नाहीत, कारण पैसा रोकडा आणि वसुली सोपी.

इथे एक आकडा तुमच्या वाचनात आला असेल. विषमतेवर काम करणाऱ्या ऑक्सफॅम या संस्थेच्या २०२३ च्या अहवालातला: देशातल्या जीएसटीपैकी ६४ टक्के तळातली निम्मी जनता भरते. माझा कल गरिबांच्या बाजूने असला तरी हा आकडा मला पटत नाही. तळातली निम्मी जनता निम्म्यापेक्षा कमीच खर्च करणार, हे व्याख्येतच आलं. त्यातही खेड्यात सरासरी ४७ टक्के खर्च खाण्यावर होतो (२०२३-२४ ची सरकारी खर्च-पाहणी) आणि खाण्याचा मोठा भाग शून्य किंवा ५ टक्क्यांत. मग दोनतृतीयांश कर ते कसे भरतील? फुगवलेला आकडा वापरला की समोरचा तेवढाच खोडून काढतो आणि मूळ तक्रार वाऱ्यावर जाते. तक्रार कर किती रुपये जातो याची नाहीच, कमाईतला किती हिस्सा जातो याची आहे, आणि त्यासाठी ६४ टक्क्यांची गरज नाही.

आता तुमच्या सूचनेकडे येतो: आयकर रद्द, फक्त विक्रीकर. हे कुठे सुचवलं गेलं नाही असं नाही. अमेरिकेत १९९९ पासून 'फेअरटॅक्स' नावाचं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातंय, मंजूर झालेलं नाही. त्याचे समर्थक दर २३ टक्के सांगतात. हिशोब असा की १०० डॉलरच्या वस्तूवर ३० डॉलर कर, एकूण १३०, आणि १३० मधले ३० म्हणजे २३ टक्के. आपल्या पद्धतीने मोजलं तर तो दर ३० टक्के आहे. यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या विधेयकातच प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला आगाऊ रक्कम देण्याची तरतूद आहे, गरजेपुरत्या खर्चावरचा कर परत म्हणून. म्हणजे एकाच दराचा विक्रीकर गरिबाला जड जातो, हे त्याच्या कट्टर समर्थकांनाही मान्य करावं लागलं.

कॅनडाने १९९१ मध्ये जीएसटी आणला तेव्हापासून कमी उत्पन्नाच्या लोकांना त्याचा परतावा मिळतो. सिंगापूरमध्ये तर तांदळालाही सूट नाही, सरसकट ९ टक्के, आणि गरिबांना सरकार व्हाउचरने पैसे देतं. मला ही पद्धत सुटीच्या लांबलचक यादीपेक्षा बरी वाटते. तांदळावर शून्य ठेवला की बासमती खाणाऱ्यालाही शून्य मिळतो आणि २६ किलोंची पोती निघतात. परताव्यात पैसे नेमके ज्याला द्यायचे त्याच्या हाती पडतात. अडचण एवढीच की आपल्याकडे तो नेमका माणूस कोण हे ठरवताना तलाठ्याचा दाखला, आधार, बँक लिंकिंग यातच निम्मे गळतात.

कुणी म्हणेल, मग लाडकी बहीण काय आहे? महिन्याला १,५०० रुपये, माझ्या वरच्या हिशोबातल्या ९६० पेक्षा जास्तच. रुपयांत बघितलं तर कर वळता झाला म्हणता येईल. पण ती योजना २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या बायकांसाठी आहे. एकटा राहणारा सत्तर वर्षांचा म्हातारा रिचार्जवर १८ टक्के भरतो आणि त्याला त्यातून काही नाही. शिवाय योजना निवडणुकीच्या तोंडावर वाढते, नंतर तपासणीत नावं कटतात. कराचा परतावा हा हक्क म्हणून कायद्यात हवा, जसा मला टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या जादा आयकराचा, मिळतो.

आणि आयकराबद्दल एकच. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर पडत नाही. महिन्याला लाख रुपये पगार घेणारा आयकर शून्य भरतो, आणि चहा-साखर घेणारी बाई पहिल्या रुपयापासून कर भरते. असं असताना उरलासुरला आयकरही काढून सगळं ओझं विक्रीवर टाकायचं, तर दर १८ वर थांबणार नाहीत, आणि वाढलेल्या दरातून सुटायला तिच्याकडे ना शेअर आहेत, ना फ्लॅट. कपड्याची पावडर, कीटकनाशक आणि छोटी रिचार्जं ५ टक्क्यांत आणा, डिझेल जीएसटीत घ्या, वर्षाला ठरावीक रकमेपुढच्या शाळेच्या फीवर कर लावा. एवढं झालं तर एकाच विक्रीकरावर मी तुमच्याशी पुन्हा बोलायला तयार आहे. तोवर आयकर असू द्या.