सनद मिळण्यापूर्वी मूलभूत हक्कांचे काम

प्रश्न : मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात शिकते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि धर्मस्वातंत्र्य यांच्या प्रकरणांत काम करण्याची माझी इच्छा आहे. परंतु सनद (वकिलीचा परवाना) हाती येईपर्यंत मूट कोर्टाखेरीज (सरावासाठीच्या अभिरूप न्यायालयाखेरीज) विद्यार्थ्याला काहीच करता येत नाही, असे वरिष्ठ विद्यार्थी सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे वकिली करण्याचा हक्क सनदधारकालाच आहे आणि सनदेशिवाय ती करणाऱ्यास कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे वकीलपत्रावर सही करणे किंवा अशिलाला परस्पर सल्ला देणे आपल्याला वर्ज्यच आहे. कलम ३२ मध्ये सनद नसलेल्या व्यक्तीस एखाद्या प्रकरणापुरती हजर राहण्याची मुभा न्यायालय देऊ शकते. पण ती न्यायालयाची मर्जी असल्याने त्यावर विसंबू नये.

तथापि न्यायालयात उभे राहणे हा या कामाचा शेवटचा आणि बहुधा सर्वांत छोटा भाग असतो. बिजो इमॅन्युएल प्रकरणाचा १९८६ चा निकाल निकालपत्रातील परिच्छेद गाळून नव्हे, तर सबंध वाचावा. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीतात कोणाच्याही धर्मभावना दुखावणारा शब्द नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र श्रद्धा इतरांना पटते की नाही याऐवजी ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, हे पाहिले. आणि पुढे विचारले की, गाण्याची सक्ती करणारा कायदा कोणता? दाखवायला केवळ शिक्षण खात्याची परिपत्रके होती, ज्यांना कायद्याचे बळ नव्हते. मुले उभी राहत होती की बसून होती, हा एक तपशील कोणी नीट टिपून ठेवला नसता, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) वरील उत्तमोत्तम युक्तिवादही लंगडा पडला असता.

हे टिपून घेण्याचे काम विद्यार्थी करू शकतो, आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली त्याने ते करावेच. अशिलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवणे, तारीखवार घटनाक्रम लावणे, आदेश तोंडी होता की लेखी आणि तो कोणत्या कलमाखाली काढला हे शोधणे, यात आठवडा सहज जातो. महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रात अशी प्रकरणे ‘मूलभूत हक्क’ अशी पाटी लावून येत नाहीत. सभेची परवानगी नाकारलेली असते, किंवा पुढे पाठवलेल्या एखाद्या संदेशावरून गुन्हा नोंदलेला असतो. अशा वेळी प्राथमिक माहिती अहवालातील कलमे एकेक करून तपासा. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयात श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरले, तरी त्याखाली गुन्हे नोंदवणे चालूच राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. (ती याचिका २०१२ मध्ये दाखल करणारी श्रेया सिंघल तेव्हा वकील नव्हती, हे आपल्या वरिष्ठ विद्यार्थ्यांना जरूर सांगा.)

आणखी एक बारकावा परीक्षेत पाठ असतो, पण प्रत्यक्षात विसरला जातो : अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्य नागरिकांना आहे, तर अनुच्छेद २५ मधील सर्व व्यक्तींना. तेव्हा अशील परदेशी असेल, तर याचिकेचा पायाच बदलतो.

इंटर्नशिपबाबत बार कौन्सिलच्या नियमांनुसार आपल्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आवश्यक आहेत. ते प्रमाणपत्रांसाठी पाच-सहा कार्यालयांत वाटून टाकण्याची पद्धत मला पटत नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका (हक्कभंगाविरुद्ध थेट दाद मागणाऱ्या याचिका) चालवणाऱ्या एकाच वकिलांकडे दोन सुट्ट्यांत परत जावे, म्हणजे पहिल्या खेपेला पाहिलेली याचिका दुसऱ्या खेपेला कोठवर आली, हे कळते. ज्याचे बोलणे किंवा ज्याची उपासना आपल्याला मुळीच रुचत नाही, अशा अशिलाचे प्रकरणही एकदा मागून घ्यावे; त्याच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा करताना आपले मत कोठे शिरले, ते वरिष्ठ लाल शाईने दाखवतील.