वेबसाइट केली, पण फोन वाजेना

मागच्या अंकात विचारलं होतं की स्वतःची छोटी प्रॅक्टिस असलेल्यांनी, म्हणजे डॉक्टर, वकील, टॅक्सवाले, आर्किटेक्ट, समुपदेशक अशा सगळ्यांनी, ऑनलाइन मार्केटिंगबद्दल काय अडतंय ते कळवा. पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच, पैसे घातले, पुढे काहीच नाही. सगळी घेता येणार नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

एका कंपनीचा सारखा फोन येतो. म्हणतात तीन महिन्यांत गूगलवर पहिल्या नंबरला आणू, लेखी गॅरंटी. वेबसाइटच्या मेटा कीवर्डमध्ये (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) दोनशे शब्द टाकणार आणि पाच हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका) देणार. घेऊ का? (टॅक्स कन्सल्टंट)

नका घेऊ. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच आपल्या मदतीच्या पानावर लिहून ठेवलंय. मेटा कीवर्डचं तर हसूच येतं, रँकिंगसाठी ते आम्ही बघतच नाही हे गूगलने २००९ मध्ये जाहीर केलं होतं, आणि लोक अजून ते विकतायत. विकतच्या लिंकांवर २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून, म्हणजे गूगलने रँकिंगच्या पद्धतीत केलेल्या एका बदलापासून, चाप बसलाय, त्या पाच हजार लिंकांनी फायदा व्हायचा दूरच, उलट साइट खाली जाऊ शकते.

आणि त्यांना एक विचारा, पहिला नंबर नक्की कुठल्या शब्दाला? तुमचं आडनाव आणि व्यवसाय टाकला तर तुम्ही आजही पहिलेच दिसाल, तेवढ्यावर 'गॅरंटी पूर्ण' म्हणून बिल फाडणारे मी पाहिलेत. शिवाय जवळपासचं कोणी शोधताना शोधणारा कुठे उभा आहे त्यावर रिझल्ट बदलतो, त्यामुळे तुमच्या फोनवर दिसणारा नंबर आणि समोरच्याच्या फोनवरचा नंबर एक नसतोच.

मॅपवर माझ्या क्लिनिकचं नाव येतं पण फोन नंबर जुना आहे, वेळाही चुकीच्या. प्रोफाइल ज्या मुलाने बनवलं तो आता फोन उचलत नाही. वेबसाइटही त्यानेच केली होती. नवीन प्रोफाइल बनवून टाकू का? (फिजिओथेरपिस्ट)

नवीन बनवू नका! सगळ्यात आधी हे. एकाच पत्त्यावर एकाच क्लिनिकची दोन प्रोफाइलं झाली की रिव्ह्यू दोन्हीकडे फुटतात, पेशंट जुन्याच नंबरला फोन लावत बसतात आणि गूगल त्यातलं एक डुप्लिकेट म्हणून बंद करतं, ते नेमकं तुमचंही असू शकतं.

तुमचं आहे तेच प्रोफाइल ताब्यात घ्यायचं. मॅपवर आपलं क्लिनिक उघडा, मालकी मागायचा पर्याय तिथेच मिळतो, तो दाबला की सध्याच्या मालकाला, म्हणजे त्या मुलाला, ईमेल जातो. त्याला तीन दिवस असतात. त्याने दिली तर प्रश्नच मिटला, आणि काहीच उत्तर आलं नाही तर बहुतेक वेळा व्हेरिफिकेशन करून प्रोफाइल आपल्याकडे घेता येतं, त्यासाठी आता पाटीचा, आतल्या जागेचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगतात बऱ्याचदा. ताबा मिळाला म्हणून लगेच त्या मुलाला काढायला जाल तर ते होणार नाही, नव्या मालकाला पहिले सात दिवस इतरांना काढता येत नाही, तेव्हा घाबरून परत नवीन प्रोफाइल करू नका. (घाबरतात लोक, म्हणून सांगते.)

आता वेबसाइटचं, आणि हे खरं दुखणं आहे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे? तुम्हाला माहीत नसेल असं मी धरून चालते कारण दहातल्या आठ जणांना नसतंच. डोमेन म्हणजे पाटी आणि होस्टिंग म्हणजे जागा असं समजा, जागा बदलता येते पण पाटी दुसऱ्याच्या नावावर असेल तर तुम्ही काय करणार. साइट त्याने 'सगळं माझ्या अकाउंटवरून करून देतो, तुम्हाला त्रास नको' म्हणून घेतलेली असते आणि रिन्यूअलचा मेल त्याच्याच इनबॉक्समध्ये जाऊन पडतो. डॉट कॉमसारखं डोमेन संपलं आणि नंतरची थोडी सवलतीची मुदतही गेली, की मग ३० दिवस ते जास्त पैसे भरून सोडवता येतं, त्यानंतर ते मोकळं होतं आणि कोणीही घेऊ शकतं.

माझ्या हातून एकदा हे झालंय म्हणून तळमळीने लिहिते. एका डॉक्टरांचं डोमेन मी सोयीसाठी आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीच्या ईमेलवर घेतलं, ती नोकरी सोडून गेली, तिचा ईमेल बंद केला, आणि रिन्यूअलच्या चार सूचना त्या बंद इनबॉक्सवर आल्या. डॉक्टरांच्या लेटरहेडवर तोच पत्ता, व्हिजिटिंग कार्डवर तोच, क्लिनिकचा ईमेलही त्याच डोमेनवर. सुटलं शेवटी, पण ते तीन आठवडे मी विसरणार नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही.

म्हणून आजच्या आज त्या मुलाला गाठा, त्याच्या मित्राकडून निरोप द्या, राहिले असतील ते पैसे देऊन टाका, भांडू नका. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या अकाउंटला घ्या. आणि पुढे कोणाकडूनही काम करून घ्याल तेव्हा अकाउंट तुमचं, त्याला फक्त मॅनेजर म्हणून आत घ्यायचं, काम संपलं की बाहेर. पासवर्ड द्यायचाच नाही.

मी खूप मेहनत घेते तरी एका पेशंटने एक स्टार दिला आणि लिहिलं की 'दात बिघडवला, पैसे उकळतात'. मी रागात उत्तर दिलं की तुम्ही रूट कॅनलच्या तीन अपॉइंटमेंट चुकवल्या आणि शुगर असल्याचंही लपवलंत. आता सगळे म्हणतात उत्तर काढ. मी खरंच लिहिलं होतं ना? (दंतवैद्य)

खरं असेल, पण काढा, हे वाचून होईपर्यंतही थांबू नका. त्या माणसाला शुगर आहे हे तुम्ही जगाला सांगितलंत. त्याने एक स्टार दिला ही एक तक्रार झाली, तुम्ही त्याची तब्येत चव्हाट्यावर मांडलीत ही दुसरी, आणि दुसरी जास्त जड आहे, तुमच्या कौन्सिलपर्यंत जाऊ शकेल अशी. खरं तर 'हो, हे आमचे पेशंट होते' एवढंही उघड बोलायचं नसतं. वकिलांनी, समुपदेशकांनी, हिशेब बघणाऱ्यांनीही तसंच समजा, क्लायंटने स्वतः सगळं लिहिलं म्हणून आपली जीभ मोकळी होत नाही.

त्याऐवजी असं काहीतरी लिहा: 'तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. कोणाच्याही उपचारांबद्दल आम्ही इथे उघडपणे बोलत नाही. क्लिनिकच्या नंबरवर फोन केलात तर मी स्वतः तुमच्याशी बोलेन.' बास. हे उत्तर त्या माणसासाठी नाहीच, तो काही बदलणार नाही, ते रात्री अकरा वाजता दाढ धरून बसलेला जो पुढचा माणूस रिव्ह्यू वाचतोय ना, त्याच्यासाठी आहे. त्याला बघायचं असतं की इथली डॉक्टर चिडते की ऐकून घेते.

रिव्ह्यू काढून टाकता येईल का असंही तुम्ही पुढे विचारलंय. शिवीगाळ असेल, स्पॅम असेल, शेजारच्या स्पर्धकाने टाकला असेल तर रिपोर्ट करता येतो. नुसता वाईट आहे म्हणून गूगल काढत नाही. आणि बदल्यात डिस्काउंट देऊन चांगले रिव्ह्यू गोळा करू नका, नियमात बसत नाही, तसंच आधी 'खूश आहात का' विचारायचं आणि हो म्हणणाऱ्यालाच लिंक पाठवायची हेही बसत नाही. सगळ्यांना सारखंच विचारा, काम संपलं त्याच दिवशी, एका साध्या मेसेजने. मात्र समुपदेशकांनी शक्यतो मागूच नये असं माझं मत, नावानिशी 'मी इथे उपचार घेतले' असं लिहायला सांगणंच जरा विचित्र आहे.

वर्षभर रोज इन्स्टाग्रामवर पोस्ट, आठवड्याला दोन रील. चार हजार फॉलोअर झाले. त्यातून क्लायंट किती? शून्य. काय चुकतंय? (वकील)

आधी एक काम करा, फॉलोअरांची यादी उघडा आणि पहिली पन्नास नावं वाचा. माझा अंदाज, तीसेक वकील, दहा लॉचे विद्यार्थी आणि बाकी नातेवाईक. कौतुक करायला छान आहेत हे लोक पण त्यांना वकील नकोय.

वकील हवा असलेला माणूस रील बघत नसतो. त्याच्या हातात नोटीस असते आणि तो सर्चमध्ये जे मनात आहे तेच टाइप करतो, म्हणजे 'घरमालक डिपॉझिट देत नाही काय करू' असं. तुमची वेबसाइट मी पाहिली, तिथे लिहिलंय 'दिवाणी, फौजदारी व कौटुंबिक प्रकरणे', बास, हे तुमच्या भाषेतलं झालं, त्याच्या नाही. गेल्या महिन्यात फोनवर लोकांनी पहिल्या वाक्यात काय विचारलं ते आठवून त्यातले पाच प्रश्न घ्या आणि प्रत्येकाला एक पान द्या. कुठली कागदपत्रं लागतात, साधारण किती टप्पे असतात, पहिल्या भेटीत काय होतं. सल्ला फुकट वाटला जाईल अशी भीती वाटते सगळ्यांना, पण ते पान वाचून स्वतःची केस स्वतः लढणारा माणूस तसाही तुमचा क्लायंट नव्हताच.

आणि हे करायच्या आधी तुमच्या कौन्सिलचे जाहिरातीचे नियम वाचा, वकिली, वैद्यकी, ऑडिट या पेशांत ते बऱ्याच ठिकाणी कडक असतात. रील त्यात बसतात का ते मार्केटिंगवाला सांगणार नाही कारण सनद त्याची जाणार नाहीये.

गूगल ॲडमध्ये पैसे पाण्यासारखे जातात, क्लिक येतात, पेशंट येत नाहीत. (प्राण्यांचे डॉक्टर)

ॲडच्या अकाउंटमध्ये सर्च टर्म्स नावाचा रिपोर्ट असतो, तो उघडलाय का कधी? तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कीवर्ड दिसतायत, म्हणजे तुम्ही काय मागितलं ते. लोकांनी खरं काय टाइप केलं ते त्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये असतं, आणि तिथे बहुतेक 'कुत्रा गवत का खातो', 'व्हेटर्नरी कोर्स ॲडमिशन', 'मांजरांची नावं' असलं काहीतरी सापडेल, त्या प्रत्येक क्लिकचे पैसे तुम्ही भरलेत. असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांवर ॲड दाखवायची नाही त्या यादीत, टाका, 'कोर्स', 'नोकरी', 'पगार', 'नावं' यांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला दहा मिनिटं बसून यादी वाढवा.

दुसरं, लोकेशनचं सेटिंग. तुम्ही आपला भाग निवडलेला असतो पण मुळातलं सेटिंग असं असतं की त्या भागात असलेले आणि त्या भागात नुसता रस असलेले असे दोघंही चालतील. दोनशे किलोमीटरवरचा माणूस आजारी कुत्रा घेऊन तुमच्याकडे येणार नाहीये. फक्त तिथे असलेल्यांसाठीचा पर्याय निवडा.

हे दोन्ही करूनही पेशंट आले नाहीत तर दुपारी दीड वाजता दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःच्या क्लिनिकला फोन लावून बघा. मी असे फोन लावते, नवीन काम घेतलं की पहिल्याच दिवशी, आणि कितीतरी वेळा कोणी उचलतच नाही, किंवा उचलून 'डॉक्टर नाहीयेत, नंतर करा' म्हणून ठेवून देतात. नाव विचारत नाहीत, नंबर विचारत नाहीत. ॲडचं बजेट एक महिना बंद ठेवा आणि आधी हे नीट करा.

एआयकडून रोज एक लेख लिहून वेबसाइटवर टाकला तर? (आर्किटेक्ट)

मार्च २०२४ पासून गूगलच्या स्पॅमच्या नियमांत ढिगाने बनवलेला आणि वाचणाऱ्याच्या काही कामाचा नसलेला मजकूर स्पष्ट आलाय, मग तो माणसाने लिहिलेला असो की मशीनने. मसुद्याला मदत घ्या हवी तर. पण आर्किटेक्टच्या साइटवर मला लेख नकोच असतात, एका घराचे आधीचे-नंतरचे फोटो आणि भिंत का हलवली हे चार ओळींत सांगा.

वेबसाइटवर स्वतःचा फोटो टाकायला लाज वाटते. नाही टाकला तर चालेल? (समुपदेशक)

नाही चालणार, तुमच्या पेशात तर मुळीच नाही. पहिल्यांदा येणारा माणूस आधीच धास्तावलेला असतो, कोणासमोर बसायचंय ते त्याला आदल्या रात्री बघायचं असतं. इंटरनेटवरून घेतलेला हसऱ्या अनोळखी बाईचा फोटो मात्र काढून टाका, तो मला आणखी तीन साइटवर सापडला.

फोटोग्राफर लागत नाही. खिडकीच्या उजेडात, नेहमीच्या खुर्चीत, मोबाइलवर कोणालाही काढायला सांगा. त्याच वेळी खाली जाऊन रस्त्यावरून दाराचा एक फोटो काढा, पाटी आणि जिना दोन्ही दिसतील असा, आणि तो मॅपवरच्या प्रोफाइलला पहिला लावा.