बिलियर्ड्सचा अगदी खरा वाटणारा व्हिडिओ गेम आज कोण खेळेल?

तुम्ही विचारलंय की मोबाइलवर पूलचे गेम पैशाला पासरी झालेले असताना, खऱ्या टेबलासारखा वागणारा बिलियर्ड्सचा नवा गेम करण्यात काही अर्थ आहे का, आणि तो खेळणार कोण. मी खेळेन. माझ्या ओळखीतले निदान दहाजण खेळतील. का, ते जरा सविस्तर सांगते.

मी सातवीत असताना बाबा मला रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊ घालून इंदूरच्या पलासियाकडच्या एका बिलियर्ड्स पार्लरमध्ये न्यायचे. तळघरात दोन मोठी टेबलं, वर लांबट शेडचे दिवे, भिंतीवर गुण मांडायचा लाकडी बोर्ड. तिथले मार्करकाका रामबागेतले, मराठी. (मार्कर म्हणजे गुण मांडणारा आणि टेबलाची निगा राखणारा माणूस. इंदूरच्या जुन्या खेळाडूंना हा शब्द सांगावा लागत नाही.) पहिले काही रविवार त्यांनी मला क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, हातसुद्धा लावू दिला नाही. ते आधी कापडावरून ब्रश फिरवायचे, बॉल्कच्या बाजूने (जिथून खेळ सुरू होतो ते टोक) पलीकडच्या टोकाला काळ्या बॉलच्या ठिपक्याकडे, नेहमी त्याच दिशेने. मग जड इस्त्री, तीही त्याच दिशेने. मी कडेला उभी राहून बघायची.

पुढे एकदा त्यांनी लाल बॉल टेबलाच्या मधल्या ठिपक्यावर ठेवला, पांढरा डीमध्ये (बॉल्ककडच्या अर्धवर्तुळात), तपकिरी बॉलच्या ठिपक्याच्या जरा डावीकडे. म्हणाले, "पांढऱ्याचा मध्य लालच्या डाव्या कडेवर धर. हळू मार. आणि आता लालकडे बघायचंच नाही, पांढरा कुठे जातो ते बघ." पांढरा लालला लागला, डावीकडे वळला, आणि जाऊ की नको असं करत पलीकडच्या डाव्या पॉकेटात पडला. पांढरा असा दुसऱ्या बॉलला लागून स्वतः पॉकेटात पडला की त्याला इन-ऑफ म्हणतात. लालवरून गेला तर बिलियर्ड्समध्ये ३ गुण. मी तो फटका त्या दिवशी तासभर मारला. निम्म्याहून जास्त वेळा चुकला, पण चुकतानाही पांढऱ्याचं वळण जवळपास तेच राहायचं. हे मला तेव्हा जादूसारखं वाटलं होतं.

कारण नंतर कळलं. गडगडत जाणारा पांढरा दुसऱ्या बॉलवर अर्धा आदळला की मूळ वाटेपासून सुमारे ३४ अंश वळतो. नेम थोडा जाड (अर्ध्याहून जास्त) लागला किंवा थोडा बारीक (अर्ध्याहून कमी) लागला, तरी हा कोन फारसा बदलत नाही. आदळल्या क्षणी पांढरा दुसऱ्या बॉलच्या वाटेशी काटकोन करून निघतो. पण अंगात गडगडण्याचा फिरता जोर शिल्लक असतो, तो त्याला पुढे ओढतो आणि वाट वाकते. तो जोर नसेल, म्हणजे बॉल नुसता घसरत येऊन आदळला, तर काटकोन कायम राहतो. याला स्टन म्हणतात. खाली मारून उलटा फिरवलेला असेल तर बॉल मागे येतो, तो स्क्रू. माझ्या मते बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल यांचा अर्धा जीव या तीन वाटांत आहे, आणि गेमने पहिल्यांदा हेच नीट करायला हवं.

गणित अवघड आहे ही सबब इथे चालत नाही. वाऱ्यांच्या दिशेसाठी ज्याचं नाव आपण शाळेच्या भूगोलात पाठ केलं, त्या कोरिऑलिसने १८३५ मध्ये बिलियर्डच्या गणितावर अख्खा ग्रंथ लिहिला होता. बरोबर मध्यावर मारलेला बॉल आधी घसरतो, मग कापड त्याला पकडतं, आणि तो पूर्ण गडगडायला लागेपर्यंत त्याचा वेग सुरुवातीच्या ५/७ वर आलेला असतो. तोच बॉल टेबलापासून त्याच्या उंचीच्या ७/१० वर मारला तर पहिल्या क्षणापासून गडगडतो. हे आकडे गेममध्ये वरून चिकटवायची गरज पडू नये. आतलं शास्त्र बरोबर असेल तर ते आपोआप निघायला हवेत. तुम्ही गेम करायला घेतलात तर ही दोन गणितं आधी तपासा.

आता फोनवरच्या गेमबद्दल. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुण्याहून आला होता. फोनवर त्याची लेव्हल भलतीच वरची. मी त्याला टेबलावर घेऊन गेले. पहिलाच सोपा लाल त्याने छान पॉट केला, म्हणजे पॉकेटात घातला, आणि पाठोपाठ पांढराही पॉकेटात गेला. स्नूकर-पूलमध्ये ती चूक. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. बिचारा म्हणाला, "मावशी, फोनमध्ये रेघ दिसते ना." खरंच आहे. बॉल कुठे जाईल ते रेघ सांगते, पांढरा कुठे वळेल त्याचाही तुकडा दाखवते, आणि नाण्यांनी महागडा क्यू घेतला की रेघ आणखी लांब होते. पोराने हजारो फटके मारले होते, पण पांढरा जातो कुठे हा प्रश्न त्याच्यावर कधी आलाच नव्हता. प्रवासात वेळ घालवायला ते गेम चांगले आहेत, मीही खेळते. पण त्यातून टेबलाची नजर तयार होत नाही, आणि मला हवा आहे तो गेम ती तयार करणारा.

असे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९९१ मध्ये गेम बनवणाऱ्या आर्चर मॅक्लीनने अमिगा आणि अटारी या तेव्हाच्या कॉम्प्युटरवर स्नूकरपटू जिमी व्हाइटच्या नावाचा स्नूकरचा गेम आणला, त्यात टेबलाभोवती फिरून नेम धरता यायचा. १९९५ च्या व्हर्च्युअल पूलमध्ये माउस मागेपुढे सरकवला की क्यू तसाच हलायचा. ही मला फार मोठी गोष्ट वाटते, कारण फटका बटणावर न राहता हातात आला. २०१९ मध्ये स्नूकर १९ आला, व्यावसायिक स्पर्धांमधले खरे खेळाडू घेऊन. पण या सगळ्यात इंग्लिश बिलियर्ड्स, तीन बॉलचा मूळ खेळ, कोपऱ्यातच राहिला. आणि तोच तर आपला खेळ! पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय. गीत सेठींनी १९९२ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत १२७६ गुणांचा ब्रेक (एका पाळीत सलग केलेले गुण) केला. स्नूकर तर १८७५ मध्ये आमच्याच मध्य प्रदेशात, जबलपूरच्या फौजी मेसमध्ये जन्मलं. पंकज अडवाणीने २०२५ साली राष्ट्रीय स्नूकरचं विजेतेपद जिंकलं ते इथे इंदुरात. एवढं सगळं असून आपल्या पोरांच्या फोनमध्ये फक्त आठ नंबरचा पूल आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खऱ्यासारखं म्हणजे नुसती लाकडाची चकाकी नव्हे. स्नूकरच्या बॉलचा व्यास ५२.५ मिलीमीटर, पूलचा ५७.१५. पूलच्या पॉकेटचे कोपरे सरळ कापलेले असतात, स्नूकरचे गोलाईने वळलेले, त्यामुळे कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) चिकटून येणारा जोरदार बॉल पूलमध्ये आत जातो तिथे स्नूकरमध्ये जबड्यात खडखडून बाहेर येतो. स्नूकर-बिलियर्ड्सच्या लोकरी कापडाला लव असते. हळू चाललेला बॉल आडवा जाताना लवेच्या दिशेला किंचित सरकतो. मार्करकाका एकाच दिशेने ब्रश का फिरवत होते ते यात आलं. आणि पावसाळा! श्रावणात त्या तळघरात कापड इतकं ओल धरायचं की शनिवारी रात्री जो फटका बरोबर पोचायचा तो रविवारी सकाळी वीतभर आधी थांबायचा. काका कापडावर तळहात ठेवून सांगायचे, "आज जड आहे." मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या दगडी पाटीखाली हीटर लावतात ते याचसाठी. गेममध्ये टेबलाचं कापड कोरडं, ओलं, नवं, झिजलेलं असं निवडता आलं तर मी नुसत्या तेवढ्यासाठी पैसे मोजेन.

आता ज्यामुळे मी एवढं लांब लिहितेय ते सांगते. कॉलेजात असताना बाबांची बदली झाली आणि मी इंदुरात मावशीकडे राहिले. एका दुसऱ्या पार्लरमध्ये मी एकटी गेले, तर काउंटरवरच्या माणसाने सरळ सांगितलं की एकट्या मुलीला टेबल मिळणार नाही, सोबत कोणीतरी आणा. मी भांडले नाही, परत आले, आणि पुढची सहा वर्षं क्यू हातात घेतला नाही. अमी कमानी आमच्या इंदूरचीच, देशासाठी स्नूकर खेळलेली. तिचं नाव पेपरात वाचलं की मला अजूनही आधी तो काउंटर आठवतो. त्या सहा वर्षांत घरच्या कॉम्प्युटरवर खरा वागणारा गेम असता तर माझी नजर तरी मेली नसती.

टेबल घरी ठेवणं तर विसराच. १२ फूट बाय ६ फुटांचं टेबल, त्याखाली दगडी पाटीचे पाच तुकडे, वजन टनाच्या वर, आणि भोवती क्यू मागे घ्यायला जागा. सुदामा नगरातला आमचा अख्खा हॉल त्यात जाईल. ताशी भाड्याने खेळायचं तर नवशिक्याचा अर्धा तास बॉल परत ठिपक्यावर मांडण्यातच जातो. गेममध्ये तोच फटका एका बटणावर दोनशे वेळा मांडून मिळतो.

हाताचा ब्रिज (क्यू टेकवायची बोटांची बैठक), उभं राहणं, क्यू सरळ ढकलणं हे गेम शिकवणार नाही. ते टेबलावरच होणार, तसं लोकांना स्पष्ट सांगा.

तुम्ही करणारच असाल तर स्पर्धा, कपडे, नाणी यांच्या मागे आधी लागू नका. एक टेबल, तीन बॉल, एक क्यू. कॅमेरा हनुवटी क्यूवर टेकल्यावर डोळा असतो त्या उंचीला. फटक्याआधी रेघ अजिबात नको. सगळे बॉल थांबल्यावर मात्र पांढरा कुठून कसा गेला ती वाट कापडावर उमटवा, म्हणजे मनात धरलेली वाट आणि प्रत्यक्षातली वाट शेजारी शेजारी दिसतील. मार्करकाका खडूच्या तुकड्याने हेच करायचे.

पहिला नमुना झाला की लाल मधल्या ठिपक्यावर आणि पांढरा डीमध्ये ठेवून तो इन-ऑफ मारून बघा, आणि मला कळवा. बाबांना आता तळघराचे जिने उतरवत नाहीत. टीव्हीला जोडून पहिला फटका मी त्यांना मारायला देणार आहे.